बालोद्यानाचें बंद दार

सकाळच्या घाईंत मुलाचा हात धरून आई पाळणाघराच्या दाराशीं येते आणि दाराला कुलूप दिसतें. दारावर एखादी चिठ्ठी असते, कधीं तीहि नसते. गोष्ट लहानशी वाटते. परंतु त्या क्षणीं एका घराची सारी घडी विस्कटते. कामावर जावें कीं रजा काढावी, मुलाला शेजारणीपाशीं ठेवावें कीं माघारीं न्यावें, बुडालेली मजुरी कोण भरून देणार, आंत कांहीं सांथीचा आजार तर झाला नाहीं ना, असे प्रश्न एकदम पुढें उभे राहतात. दार बंद करण्याचा अधिकार सरकारला असेल, चालकाला असेल, आरोग्यखात्यालाहि असेल. परंतु तें कां बंद झालें, किती दिवस बंद राहणार, आणि तोंपर्यंत मुलानें कोठें राहावें, हें जाणण्याचा आईबापांचा अधिकार कोठून आला?

या प्रश्नाचा इतिहास जर्मनींत पाहणें विशेष बोधप्रद आहे. किंडरगार्टन हा शब्द त्याच देशानें जगाला दिला. आपल्याकडे त्याचें बालोद्यान असें सुंदर भाषांतर झालें. आणि त्याच देशांत एकदां या बालोद्यानांचीं दारें सरकारी हुकुमानें बंद झालीं होतीं. आज तेथील कायद्यांत पालकांच्या बाजूनें जें लिहिलें आहे तें वाचतांना त्या जुन्या हुकुमाची आठवण ठेवली पाहिजे.

बालोद्यानाचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल याचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजीं थुरिंजिया प्रांतांतील ओबरवाइसबाख या गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तो वर्षाचा होण्यापूर्वींच त्याची आई वारली. पुढें त्यानें शिक्षणाचा जो विचार मांडला त्याच्या मध्यभागीं आई आहे, हें या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखें आहे. १८१७ सालीं कायलहाऊ येथें त्यानें शाळा चालविली. पुढें वीस वर्षांनीं, १८३७ त, ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें अगदीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढली. लोंकरीचे चेंडू, लांकडी गोल, घन आणि नळकांडीं हातीं देऊन खेळतां खेळतां मुलाची बुद्धि फुलवावयाची, अशी त्याची रीत होती.

२८ जून १८४० रोजीं या कार्याला त्यानें समारंभपूर्वक किंडरगार्टन हें नांव दिलें. त्याच सुमारास जर्मनींत गुटेनबर्गच्या मुद्रणकलेचा चारशेंवा उत्सव चालू होता. त्या प्रसंगीं फ्रोबेलनें देशांतील स्त्रियांना एक आवाहन केलें. संस्थेच्या खर्चासाठीं दहा दहा थेलरचे भाग काढावे आणि ते स्त्रियांनीं घ्यावे, अशी त्याची योजना होती. भाग फारच थोडे खपले व पैशाच्या दृष्टीनें योजना फसली. तथापि तिच्या पोटीं एक मोठा विचार होता. मूल ज्या घरांत दिवस काढणार, त्या घराच्या कारभारांत स्त्रियांचाहि वांटा असावा, हा तो विचार होय. ज्याचा वांटा आहे त्याला हिशेब विचारतां येतो. ज्याला नुसतें दान मिळतें त्यानें मिळेल तें मुकाट्यानें घ्यावें, अशीच जगाची अपेक्षा असते.

१८४८ सालीं युरोपांत क्रांतीची लाट उसळली. त्याच वर्षीं रुडोल्श्टाट येथें शिक्षकांची सभा भरली आणि बालोद्यानांना सार्वजनिक शिक्षणांत स्थान मिळावें ही मागणी पुढें आली. परंतु लवकरच क्रांति मोडली गेली व राज्यकर्त्यांना प्रत्येक नव्या गोष्टीचा संशय येऊं लागला. फ्रोबेलचे दोन पुतणे, युलिउस आणि कार्ल, नव्या मतांचे म्हणून प्रसिद्ध होते. युलिउस हा तर क्रांतीच्या धामधुमींत व्हिएन्ना येथें पकडला गेला होता. त्याला देहांताची शिक्षा होऊन ती नंतर माफ झाली. कार्लनें मुलींचें उच्च शिक्षण आणि बालोद्यानें यांविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें होतें.

७ ऑगस्ट १८५१ रोजीं प्रशियाच्या सरकारनें हुकूम काढला. फ्रोबेलच्या तत्त्वांवर चालणाऱ्या शाळा राज्यांत चालूं देतां येणार नाहींत. कारण बालोद्यानें हा फ्रोबेलच्या समाजवादी पद्धतीचा भाग असून तिचा रोंख तरुण पिढीला नास्तिक करण्याकडे आहे, असा त्याचा आशय होता. हुकुमाला आधार घेतला होता तो कार्लच्या पुस्तकाचा. पुतण्याच्या पुस्तकाबद्दल काकाच्या शाळा बंद झाल्या! त्या वेळीं फॉन राउमर हे शिक्षणमंत्री होते. फ्रोबेल तेव्हां सत्तरीला टेंकला होता. आपला पुतण्या वेगळा, आपली पद्धति वेगळी, आणि मुलांच्या मनांत देवाविषयीं भक्ति रुजविणें हाच आपला हेतु, हें त्यानें सरकारला कळविलें. राजाकडेहि दाद मागितली. चूक उघड झाली तरी हुकूम मागें घेतला गेला नाहीं. २१ जून १८५२ रोजीं मारिएनथाल येथें फ्रोबेलचें निधन झालें. प्रशियांतील दारें तेव्हांहि बंदच होतीं.

या हकीकतींत बहुतेक इतिहासकारांचें लक्ष फ्रोबेलच्या दुःखाकडे जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या दारांपाशीं आणखी कोणी उभें होतें. ज्या आया आपलीं मुलें तेथें पाठवीत होत्या त्यांना हुकुमापूर्वीं कोणी कांहीं विचारलें नाहीं. पुन्हां केव्हां उघडेल हें कोणी सांगितलें नाहीं, आणि जें कारण सांगितलें तें खरें नव्हतें. आपलें मूल तेथें कोणतीं गाणीं म्हणतें, कोणती प्रार्थना शिकतें, हें त्या आयांना मंत्र्यांपेक्षां अधिक ठाऊक होतें. त्यांच्यापैकीं कोणा एकीला विचारलें असतें, तरी काका कोण आणि पुतण्या कोण याचा उलगडा कदाचित् एका दिवसांत झाला असता. दार बंद करणाऱ्यावर कारण देण्याचें आणि त्या कारणाची छाननी होऊं देण्याचें बंधन नसलें, म्हणजे खोटें कारणहि नऊ वर्षें टिकूं शकतें, हा या घटनेचा पहिला धडा होय.

नऊ वर्षें म्हणण्याचें कारण असें कीं, बंदी उठली ती १८६० सालीं. मध्यंतरीं बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या सरदार घराण्यांतील बाईंनीं फ्रोबेलचा विचार देशोदेशीं नेला. १८४९ सालीं लीबेनश्टाइन येथें त्यांची फ्रोबेलशीं गांठ पडली होती. बंदीनंतर त्यांनीं इंग्लंड, फ्रान्स, बेल्जम वगैरे देशांत व्याख्यानें दिलीं आणि इकडे प्रशियाच्या दरबारींहि खटपट चालूं ठेवली. १८५८ त प्रशियांत राज्यकारभाराची सूत्रें बदललीं, नवे शिक्षणमंत्री आले, आणि दोन वर्षांनीं हुकूम रद्द झाला. बंदीचा एक अनपेक्षित परिणाम मात्र झाला. देश सोडून गेलेल्या जर्मन कुटुंबांनीं बालोद्यान बरोबर नेलें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत वॉटरटाऊन येथें मार्गारेट शुर्त्झ या जर्मन बाईंनीं १८५६ सालीं आपल्या घरींच तें सुरू केलें.

यानंतर शंभराहून अधिक वर्षें गेलीं. जर्मनीनें साम्राज्य पाहिलें, दोन महायुद्धें पाहिलीं, फाळणी पाहिली व पुन्हां एकीकरणहि पाहिलें. या काळांत आया घराबाहेर कामाला जाऊं लागल्या आणि बालोद्यान ही चैनीची किंवा धर्मादायाची वस्तु न राहतां घराच्या गरजेची झाली. १९९० सालीं तेथें बालक व युवक यांच्या साहाय्याचा नवा कायदा झाला. पुढें १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला संगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क मिळाला. दान होतें तें हक्क झालें. आणि हक्क झाल्यावर बंद दाराचा अर्थच बदलला. दानाचें दार बंद झालें तर याचक परत फिरतो. हक्काचें दार बंद झालें तर हक्कदाराला जाब विचारतां येतो.

याच कायद्यांत २००५ पासून लागू झालेलें एक कलम आहे. संगोपन, शिक्षण व देखभाल यांच्या महत्त्वाच्या बाबींवरील निर्णयांत पालकांना सहभागी करून घेतलें पाहिजे, असें तें सांगतें. त्याच कलमांत दुसरी एक तरतूद आहे. सुटीच्या दिवसांत संस्था बंद राहणार असेल, तर ज्या मुलांची देखभाल पालकांना करतां येत नाहीं त्यांच्यासाठीं दुसरी सोय करण्याची जबाबदारी स्थानिक सार्वजनिक यंत्रणेवर टाकली आहे. बव्हेरिया प्रांताच्या २००५ च्या कायद्यानें आणखी बारकाई केली. तेथें प्रत्येक संस्थेंत पालकांचें मंडळ असतें. महत्त्वाचे निर्णय होण्यापूर्वीं त्या मंडळाला माहिती दिली पाहिजे व त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे. ज्या विषयांवर तें सल्ला देतें त्यांत संस्था केव्हां उघडी राहील आणि केव्हां बंद राहील, हा विषय नांवानिशीं घातला आहे. निर्णयाचा अधिकार चालकाकडेच आहे. परंतु पालकांना अंधारांत ठेवून तो वापरतां येत नाहीं.

रोगराईच्या बाबतींत प्रश्न अधिक नाजूक होतो. आजारी मुलाचें नांव चहूंकडे झालें तर त्या घराला तोंड लपवावें लागतें. उलट कांहींच सांगितलें नाहीं तर इतर घरें गाफील राहतात आणि अफवा माजतात. जर्मनीचा संसर्गरोगांविषयींचा कायदा १ जानेवारी २००१ पासून अंमलांत आला. त्यांत यावर एक समंजस तोडगा आहे. संस्थेंत अमुक रोग आढळला आहे किंवा त्याचा संशय आहे, ही गोष्ट रुग्णाची ओळख न देतां संस्थेंत जाहीर करा, असा हुकूम आरोग्यखातें संस्थेच्या प्रमुखाला देऊं शकतें. रोगाचें नांव सर्वांचें, रोग्याचें नांव त्याच्या घरचें, अशी ही वांटणी आहे. खासगीपणाचें निमित्त करून सगळेंच दडपणें आणि माहितीचें निमित्त करून सगळेंच चव्हाट्यावर आणणें, या दोन्ही चुका तिनें टळतात.

कायद्यांत अक्षरें असणें एक आणि प्रसंगाला तीं उपयोगी पडणें दुसरें. २०१५ सालच्या मे महिन्यांत जर्मनीच्या नगरपालिकांच्या बालोद्यानांतील शिक्षिका व सेवक यांनीं बेमुदत संप केला. आपल्या कामाची योग्यता ओळखून वरची वेतनश्रेणी द्यावी, ही त्यांची मागणी होती. सुमारें चार आठवड्यांनीं, जूनच्या आरंभीं, प्रकरण लवादाकडे गेलें आणि शरदऋतूंत तडजोड झाली. संपाचा हक्क त्या सेवकांना होताच, आणि पुष्कळ पालकांची सहानुभूतीहि त्यांना होती. तरी बेमुदत या शब्दांतच पालकांची अडचण भरलेली होती. चार दिवसांची रजा काढतां येते, आजीला आठवडाभर बोलावतां येतें. पण मुदतच माहीत नसेल तर कशाचीच योजना होत नाहीं. कांहीं ठिकाणीं थोड्या मुलांपुरते तात्पुरते वर्ग चालविले गेले. जेथें शिक्षण मिळालें नाहीं त्या दिवसांचें शुल्क परत द्या, अशी मागणी गांवोगांवच्या पालकांनीं केली, आणि कित्येक नगरपालिकांनीं तें परत दिलें.

पांच वर्षांनीं याहून मोठी परीक्षा आली. मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या सांथीमुळें बहुतेक प्रांतांनीं बालोद्यानें बंद केलीं. रुग्णालयें व इतर अत्यावश्यक सेवांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठीं तेवढी सोय राहिली. कामावर जातां न आल्यामुळें ज्यांचें वेतन बुडालें त्यांच्यासाठीं त्याच महिन्याच्या अखेरीस एक तरतूद झाली. बारा वर्षांखालील मुलाची दुसरी वाजवी सोय होत नसेल, तर बुडालेल्या वेतनाचे शेंकडा ६७, महिना २,०१६ युरोंच्या मर्यादेंत, भरपाई म्हणून मिळावयाचे. ही मुदत प्रथम सहा आठवड्यांची होती. नंतर ती प्रत्येक पालकाला दहा व एकट्या पालकाला वीस आठवडे अशी वाढविली गेली.

या तरतुदींत एक अट होती, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दार संसर्ग टाळण्यासाठीं अधिकाऱ्यांच्या हुकुमानें बंद झालेलें असलें पाहिजे. नेहमींच्या सुटीमुळें तें बंद राहणारच असेल, तर ही भरपाई नाहीं. म्हणजे कुलूप तेंच, मूल तेंच, बुडालेलें वेतन तेंच. परंतु कारण वेगळें असलें कीं हक्क वेगळा. सुटीसाठीं बंद असेल तर दुसरी सोय मागावी, संप असेल तर शुल्क परत मागावें, सांथ असेल तर भरपाई मागावी. ज्या पालकाला खरें कारण कळलें नाहीं, त्याला यांपैकीं काय मागावयाचें हेंच कळत नाहीं. म्हणून माहिती ही हक्कांवरची नुसती वेलबुट्टी नव्हे. इतर सर्व हक्कांची किल्ली तीच आहे.

फ्रोबेलच्या कल्पनेचे धागे आपल्या महाराष्ट्रापर्यंत आलेले आहेत. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्या बरोबरीनें बालशिक्षणाचें काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनेंच त्यांच्या पाड्यावर जावें, असें ठरवून त्यांनीं झोपड्यांपुढील अंगणांत वर्ग भरविले. अंगणवाडी हें नांव त्यांतून रूढ झालें. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि तें मराठी नांव साऱ्या देशाचें झालें.

२०२० च्या मार्चमध्यें याहि अंगणवाड्या बंद झाल्या. येथें नुसत्या देखभालीचा प्रश्न नव्हता, मुलाच्या घांसाचा प्रश्न होता. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेला अंगणवाडीमार्फत आहार देण्याची हमी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें दिलेली आहे. एका जनहित याचिकेवर १३ जानेवारी २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. ज्या राज्यांनीं अंगणवाड्या उघडल्या नव्हत्या त्यांनीं प्रतिबंधित क्षेत्रें वगळून त्या उघडण्याचा निर्णय ३१ जानेवारीच्या आंत घ्यावा, आणि न उघडण्याचा निर्णय राज्याच्या आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आदेशाशिवाय घेऊं नये, असें त्यांत सांगितलें. दार बंद राहूं शकेल; परंतु तें कोणाच्या तरी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयानें बंद राहिलें पाहिजे, नुसत्या आळसानें किंवा विस्मरणानें नव्हे, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडेहि पालकाच्या हातीं साधन नाहीं असें नाहीं. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचें चौथें कलम सांगतें कीं, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करतांना सार्वजनिक संस्थेनें त्यासंबंधींची सर्व हकीकत प्रसिद्ध करावी, आणि ज्यांना त्या निर्णयाची झळ लागते त्यांना त्याचीं कारणें द्यावीं. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहतां हें करावयाचें आहे. अंगणवाडीच्या दारापुढें उभ्या असलेल्या आईला हें कलम थेट उपयोगी आहे. शहरांतील खासगी पाळणाघराला तें तसें लागू पडत नाहीं. तेथें पालक हा शुल्क देऊन सेवा घेणारा ग्राहक असतो, आणि सेवेविषयीं माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत नमूद आहे. शिवाय प्रवेशाच्या वेळीं जो करार होतो, त्यांत बंदची सूचना किती दिवस आधीं मिळेल व शुल्काचें काय होईल, हें लिहून घेणें पालकांच्याच हातीं आहे. प्रवेशाच्या गडबडींत हीं दोन वाक्यें लिहून घेण्याचें सुचत नाहीं, आणि कुलूप दिसलें म्हणजे त्यांची आठवण होते.

याची दुसरी बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. पाळणाघर चालविणारी बाई एकटी असते, तिलाहि ताप येतो, तिच्याहि घरीं मृत्यु होतो. पहांटे पांच वाजतां आलेल्या अडचणीची सूचना आदल्या दिवशीं कशी देणार? त्यासाठीं कोणी तिला दोष देऊं नये. परंतु अडचण ज्या घटकेस कळली त्या घटकेस ती पालकांना कळविणें, आणि खरें तें कळविणें, एवढें तर कोणालाहि करतां येतें. सूचना उशिरां मिळाली तर रागावलेला पालक दुसऱ्या दिवशीं शांत होतो. खोटें कारण सांगितलेलें उघडकीस आलें तर तो मूल पुन्हां तेथें ठेवीत नाहीं.

प्रशियाच्या मंत्र्यांनीं १८५१ सालीं जो हुकूम काढला त्यांत सत्ता होती; कारणाची शहानिशा नव्हती, मुदत नव्हती, आणि मुलांचें पुढें काय याचा विचार नव्हता. त्यानंतरच्या दीडशें वर्षांत जर्मनीच्या कायद्यानें जें कमावलें तें एवढेंच कीं, या तीन गोष्टी बंद दाराबरोबर आल्या पाहिजेत. कमाई थोडी दिसते. तथापि दाराशीं मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या आईला त्या घटकेस याहून अधिक कांहीं नको असतें. कां बंद आहे, केव्हां उघडेल, आणि तोंपर्यंत बाळाला कोठें ठेवूं, एवढें तिला कळलें म्हणजे ती आपली वाट शोधते. आपल्या गांवांत, आपल्या गल्लींत जें पाळणाघर आहे, त्याच्या दारावर या तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहिलेली चिठ्ठी लागूं लागली, तर त्यासाठीं नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण उरणार नाहीं.